आजीची बारा लुगडी आणि जगाचं व्रत



मागच्या पंधरवड्यात आमचा जुना फ्रीज अखेर घराबाहेर गेला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, १९९५ साली, हप्त्यांवर घेतलेला. खाली स्वयंपाकघरात नवा येऊनही बरीच वर्षं झाली, पण सासूबाईंचा या जुन्यावर जीव. म्हणून तो माडीवर होता. उन्हाळ्यात पाहुणे आले की चालू करायचा, एरवी त्यावर चादरींची घडी. यंदा चालू केला तर गारच होईना. मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागून-पुढून पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, गॅस गळून गेलाय. आणि यात भरायचा गॅस आता मिळत नाही. जगातच बंद झालाय तो."

भाजीवाल्याने आज मेथी नाही म्हणावं इतक्या सहजपणे तो हे बोलला आणि त्याचे पाने-पकडी गोळा करू लागला. पण मी तिथेच उभी राहिले. कारण दोनच दिवसांपूर्वी आमच्या महिला मंडळात एक वाद झाला होता आणि त्याचं उत्तर मला देता आलं नव्हतं.

शास्त्रवाचन संपल्यावर गप्पा चालू होत्या. प्लास्टिकच्या पिशव्यांचा विषय निघाला. एक मैत्रीण जरा वैतागूनच म्हणाली, "आपण कापडी पिशव्या घेऊन बाजारात हिंडायचं, आणि तिकडे मोठमोठे देश हवा तेवढा धूर सोडणार. दरवर्षी परिषदा घेतात, जेवणावळी उठतात, फोटो काढतात. सगळं जग एकत्र येऊन कधी काही सुधारलंय का? ना गरिबी गेली, ना प्रदूषण." कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला तिचं पटलंच होतं.

आणि हा मेकॅनिक सांगत होता की जगाने एकत्र येऊन काहीतरी बंद केलंय. माझ्याच माडीवर त्याचा पुरावा उभा होता.

मग मी त्या गॅसची गोष्ट शोधून वाचली. तुम्हालाही सांगते, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. सीएफसी नावाचे हे वायू फ्रीजमध्ये, एसीमध्ये, केसांवर मारायच्या फवाऱ्यांत, गाद्यांच्या फोममध्ये वापरले जात. स्वस्त, न पेटणारे, विषारी नसलेले. पण १९७४ साली मोलिना आणि रोलँड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. हा थर म्हणजे सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला, गुराढोरांना, पिकांना झाकणारं पांघरूण. ते विरलं की त्वचेचे कर्करोग वाढणार, मोतीबिंदू वाढणार. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरचं ओझोन किती घटलंय ते मोजून जाहीर केलं आणि जग दचकलं. दोन वर्षांतच, १६ सप्टेंबर १९८७ ला, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात करार झाला. आज जगातला एकूण एक देश त्या करारात आहे. करारात बंदी घातलेल्या वायूंपैकी जवळपास ९९ टक्के वापरातून गेले. असंच चालू राहिलं तर ओझोनचा थर जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमाराला आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमाराला १९८० सारखा होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

म्हणजे सगळं जग एकत्र येऊन एक मोठं संकट मागे हटवता येतं. आपल्या हयातीत हे झालंय. मग बाकीच्या बाबतीत का होत नाही? या प्रश्नावर विचार करताना मला आमच्या आजीची आठवण झाली.

आजीने महाराजांकडून परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं होतं. शेत इतकं, सोनं इतकं, भांडी इतकी, लुगडी बारा. तेरावं लुगडं कुणी आहेर केलं की त्याच आठवड्यात एक लुगडं कुणाला तरी जायचं. आम्ही लहान मुली हसायचो. ती म्हणायची, "मी लोभ कमी करीन असं म्हणणं सोपं आहे गं. त्याला व्रत म्हणत नाहीत. व्रताला आकडा लागतो."

मॉन्ट्रियलचा करार मला आजीच्या व्रतासारखा वाटतो. त्यात आकडा होता. कोणता वायू, किती कमी करायचा, कोणत्या सालापर्यंत, हे लिहिलेलं होतं. शिवाय ते अणुव्रतासारखं लहान सुरू झालं. आधी फक्त निम्म्याने कमी करायचं ठरलं होतं. जमतंय असं दिसल्यावर १९९० मध्ये लंडनला आणि १९९२ मध्ये कोपनहेगनला नियम कडक करत पूर्ण बंदीपर्यंत नेलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून महाव्रत मागितलं असतं तर निम्मे देश उठून गेले असते.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. ते व्रत यथाशक्ती होतं. आपल्याकडे पर्युषणात कुणी दहा उपवास करतं, कुणी एकाशन. आजारी माणसाला, बाळंतिणीला कुणी उपवास करायला लावत नाही. सुरुवातीला भारत आणि चीन या करारात आलेच नव्हते. आपलं म्हणणं रास्त होतं. हे वायू वर्षानुवर्षं उडवले श्रीमंत देशांनी, आमच्याकडे आत्ता कुठे घरोघरी फ्रीज येतोय, आणि महागड्या नव्या तंत्राचा खर्च आम्ही का सोसायचा? लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या आपल्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी हे ठणकावून मांडलं. तिथे एक निधी ठरला. श्रीमंत देशांनी पैसे घालायचे आणि गरीब देशांतल्या कारखान्यांना नवं तंत्र घ्यायला मदत करायची. १९९१ मध्ये चीन आला, १९९२ मध्ये आपण आलो. श्रीमंत देशांनी सीएफसी १९९६ पर्यंत बंद करायचं होतं, आपल्यासारख्यांना २०१० पर्यंत मुदत मिळाली. माझा १९९५ चा फ्रीज त्या सवलतीतलाच.

सासूबाईंच्या दम्याच्या पंपातही पूर्वी हाच वायू असायचा. पर्याय तयार होईपर्यंत पंपांसाठी खास सूट होती. आकाश वाचवायचं म्हणून कुणा म्हातारीचा श्वास अडवला नाही. नियम कडक हवा, पण त्यात दया हवीच, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

तिसरी गोष्ट म्हणजे चुका तपासायची सोय. आपल्या व्रतांना अतिचार सांगितले आहेत. व्रत घेणाऱ्याच्या हातून काय काय चुकू शकतं याची आधीच केलेली यादी म्हणा ना. म्हणून तर प्रतिक्रमण. या करारालाही अतिचार लागले. सीएफसीच्या जागी जे वायू आणले, त्यांनी ओझोन वाचला पण पृथ्वी तापवायला हातभार लागतो असं दिसून आलं. मग २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला पुन्हा बसून तेही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. आपण ते २०२१ मध्ये मान्य केलं. आपली कपात २०३२ पासून सुरू होणार आहे. २०१८ मध्ये तर बंदी असलेल्या एका वायूचं उत्सर्जन पुन्हा वाढतंय हे शास्त्रज्ञांना मोजमापात सापडलं. माग काढला तो पूर्व चीनपर्यंत गेला. बोभाटा झाला, कारवाई झाली आणि दोन-तीन वर्षांत उत्सर्जन खाली आलं. चोरी झालीच, पण कुणीतरी रोज हवा मोजत होतं म्हणून ती पकडली गेली.

आणि एक व्यवहाराची बाब. करारात नसलेल्या देशांशी या वायूंचा व्यापार करायचा नाही, असं कलम होतं. बाहेर राहणाऱ्याचं नुकसान होईल अशी व्यवस्था केली होती. आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या, आपल्याला त्याचं मोल लगेच कळतं.

आता हवामान बदलाच्या करारांकडे पाहू. १९९२ मध्ये रिओला सगळे जमले. जबाबदारी सगळ्यांची, पण ज्याची त्याची ऐपत आणि आजवरचा वाटा पाहून, हे तत्त्वही मान्य झालं. म्हणजे यथाशक्तीच. पण आकडा? २००९ मध्ये श्रीमंत देश म्हणाले, २०२० पर्यंत गरीब देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. श्रीमंत देशांच्याच हिशेबानुसार ते २०२२ मध्ये पहिल्यांदा जमलं, आणि त्यातही बराच भाग कर्ज. भिजलेल्याला छत्री उसनी द्यायची आणि तिचं व्याज लावायचं, असला प्रकार. २०२४ मध्ये बाकूला २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्जांचं ठरलं, तेव्हा हे फार अपुरं आहे असं आपल्या प्रतिनिधींनी तिथेच बोलून दाखवलं. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपापला आकडा द्यायचा होता. दिलेही. पण सगळ्यांची बेरीज केली तर ठरवलेलं तापमान काही साधत नाही, आणि आकडा चुकवला तर दंडही नाही. अमेरिकेने २०१७ मध्ये बाहेर पडतो म्हणून सांगितलं, २०२१ मध्ये परत आली, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडायचा आदेश निघाला. व्रत घ्यायचं, सोडायचं, परत घ्यायचं. आजीने काय म्हटलं असतं?

माझ्या मुलीला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तुझी तुलना बरोबर नाही. तो वायू मोजके कारखाने बनवत होते आणि त्याला पर्याय होता. कोळसा आणि तेल तर सगळ्यात आहे. तुझ्या चपातीतसुद्धा आहे." तिचं बरोबर आहे. गव्हाला दिलेलं खत, पाण्याची मोटर, ट्रक, गिरणी, गॅस. फ्रीजचा गॅस बदलला तरी माझ्या संसारात काही बदललं नाही. धूर कमी करायचा तर संसारच बदलावा लागेल. म्हणून हे काम कितीतरी पट अवघड आहे, हे मी मान्य करते. पण अवघड व्रत असेल तर आकडा, मुदत, मदत आणि तपासणी जास्त काटेकोर हवी. इथे नेमकं उलटं झालंय. सोप्या व्रताला कडक नियम, अवघड व्रताला नुसत्या शुभेच्छा.

गरिबीचंही तसंच. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं की श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाच्या ०.७ टक्के गरीब देशांना द्यावेत. शंभर रुपयांतले सत्तर पैसे! आपल्या आज्या दाण्याची मूठ बाजूला काढून ठेवायच्या, ती याहून मोठी असेल. पन्नास वर्षं उलटून गेली, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे बोटांवर मोजण्याइतकेच देश हा शब्द सातत्याने पाळत आले. जगातली अतिगरिबी खूप कमी झाली हेही खरं आहे. जागतिक बँकेच्या हिशेबाने १९९० मध्ये तिघांमागे एकाहून जास्त माणसं त्या अवस्थेत होती, २०१५ मध्ये दहांमागे एक. पण त्यातला मोठा वाटा चीन आणि भारत यांनी आपापल्या घरात केलेल्या कामाचा. कुणाची गरिबी बाहेरून येऊन कुणी दूर करत नाही. बाहेरच्यांनी वाटेतला दगड तेवढा उचलावा.

आणि तो उचलता येतो. माझ्या डाव्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे. माझ्या मुलीच्या दंडावर नाही. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते, त्याच काळात देवीच्या निर्मूलनासाठी दोघांनी एकत्र काम केलं. आपल्याकडे १९७५ नंतर देवी राहिली नाही, १९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीने गेलेले डोळे आणि गेलेली मुलं सगळ्यात जास्त गरिबाघरची होती. तिथेही ध्येय मोजता येणारं होतं. रोगी शून्य.

आता जरा अवघड बोलायचं आहे. वाचून राग आला तर मला सांगा.

आमच्याकडे धुण्याभांड्याला मावशी येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही सामान माडीवर चढवलं, चार दिवस नातलगांकडे गेलो, परत येऊन घर धुऊन काढलं. मावशींचं घर गेलं. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, पुन्हा भिंत पडली. एका पुराचा दोष सरळ हवामान बदलावर टाकता येत नाही, धरणं आहेत, नदीपात्रातली बांधकामं आहेत. पण हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे पाऊस कोसळला तर जास्त कोसळणार, हे भौतिकशास्त्र आहे. मावशींकडे एक बल्ब, एक पंखा. गॅसची जोडणी सरकारी योजनेतून मिळाली, पण सिलिंडर भरायला दर वेळी पैसे नसतात, मग चूलच पेटते. पृथ्वी तापवण्यात त्यांचा वाटा किती? आणि भोगलं कुणी?

आपण म्हणतो, अमेरिकेत माणशी चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो आणि भारतात जेमतेम दोन टन, मग आम्हाला काय शिकवता! अगदी योग्य. पण ते दोन टन मावशींची आणि माझी मिळून काढलेली सरासरी आहे. माझ्या घरात दोन एसी, दोन गाड्या, आणि गेल्या वर्षी मुलाच्या लग्नात जे काही झालं ते मी इथे लिहीत नाही. मावशींच्या दृष्टीने अमेरिका म्हणजे मीच. आपल्या समाजात लहान शेतकरी आहेत, अडचणीतली घरं आहेत, ते मला माहीत आहे. मी बोलतेय ते माझ्यासारख्या घरांबद्दल. १९७२ मध्ये स्टॉकहोमच्या पहिल्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी जगाला सांगितलं होतं की गरिबी आणि पर्यावरण यांचा विचार वेगवेगळा करता येणार नाही. ते श्रीमंत देशांना उद्देशून होतं. आज त्यातलं थोडं आपल्या दिवाणखान्यातही ऐकायला हवं.

लहानपणी विहिरीचं पाणी गाळल्यावर आई गाळण्याच्या कापडातले जीव परत त्याच विहिरीत अलगद सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, जमिनीवर तर नाहीच. जिथून घेतलं तिथली जबाबदारी आपली. श्रीमंत देशांकडे आपण जे मागतो ते यापेक्षा वेगळं काय आहे? आणि मावशींनी मागितलं तर तेही हेच असेल.

तर पुढच्या मंडळात मी माझ्या मैत्रिणीला उत्तर दिलं. म्हटलं, एकत्र येऊन होतं, पण आकडा, मुदत, दुबळ्याला मदत आणि चुकांची तपासणी या चार गोष्टी असतील तरच. आणि लगेच एक प्रस्ताव ठेवला. पर्युषणातल्या सामूहिक भोजनात थर्माकोल आणि प्लास्टिकची ताटं-वाट्या यंदा निम्म्या, पुढच्या वर्षी शून्य. शेजारच्या लहान गावांतल्या दोन बस्तींकडे स्टीलची ताटं घ्यायला पैसे नाहीत, त्यांना आपण घेऊन द्यायची. आणि धुणाऱ्या बायकांना वाढीव मजुरी, नाहीतर आपल्या पुण्याचा भार पुन्हा मावशींच्याच पाठीवर.

पहिल्या भागाला सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या भागावर वाद झाला. "त्यांचं त्यांनी बघावं, आपल्या निधीतून का?" मजुरीवर तर खजिनदारबाईंनी वहीच मिटली. बाकूच्या परिषदेत काय झालं असेल ते मला तेव्हा नीट कळलं! अजून निर्णय झालेला नाही. पुढच्या चतुर्दशीला पुन्हा बसणार आहोत. मी विषय सोडणार नाही, आणि दोन बस्तींपैकी एकीच्या ताटांचे पैसे मी घरातून देते असं सांगून आले आहे. ह्यांनी विचारलं, "कशातून?" म्हटलं, यंदा दिवाळीला मला साडी नको.

तुमच्या मंडळात काय ठरतं ते जरूर कळवा. फक्त "आम्ही प्लास्टिक कमी करू" असं नका कळवू. किती आणि कधीपर्यंत ते लिहा. आजी गेली तेव्हा तिच्या पेटीत लुगडी मोजली होती. अकरा निघाली. बारावं तिच्या अंगावर होतं.

जय जिनेंद्र.